गोगलगाईचा पहिला साचा

समारंभ चार वाजता होता आणि सकाळी दहापासून वरच्या मजल्यावर प्रत्येक माणूस दुसऱ्याला शांत राहायला ओरडून सांगत होता. आधी अप्पांचा कोट सापडत नव्हता. कोट सापडला तर भाषणाचा कागद सापडेना. अप्पांना दोन वर्षांपासून कागदावरचं एक अक्षर दिसत नाही, हे सगळ्यांच्या लक्षात यायला आणखी अर्धा तास गेला.

खाली कारखान्यात ताई रोजच्या स्टुलावर बसून चामड्याच्या पट्ट्यांना भोकं पाडत होती. आज तरी कुलूप लाव, असं सेक्रेटरी तिला दोनदा सांगून गेला होता. सेक्रेटरी म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ. संस्था निघाल्यापासून त्याला घरात सगळे सेक्रेटरीच म्हणत, आणि आता त्याची बायकोही तसंच म्हणू लागली होती, त्यामुळे त्याला ते चेष्टेत म्हणतात हे तो विसरून गेला होता.

"एक बाई लांबून यायचीय, बाळाला घेऊन," ताईने त्याला सांगितलं होतं. "दांडीच्या बुटांचं माप आहे. समारंभ आहे म्हणून तिला परत पाठवू?"

दांडीचे बूट म्हणजे दोन इवलेसे बूट आणि त्यांना जोडणारी एक लोखंडी दांडी. जन्मतः आत वळलेलं पाऊल डॉक्टर प्लास्टर घालून घालून सरळ करतात. पण पाऊल मोठं हट्टी असतं. सोडलं की पुन्हा आपल्या जागी वळतं. म्हणून पोराने चार-पाच वर्षं रोज रात्री हे बूट घालून झोपायचं. पोरं रडतात, आयांचा जीव तुटतो, आणि त्या आयांना समजावण्याचं काम गेली तीस वर्षं ताई करत होती. मापं तीच घेई, समजावणंही तिचंच. अप्पा, म्हणजे तिचे वडील, त्या वेळी नेमके उठून बाहेर जात. त्यांना रडणं सहन होत नाही, असं सगळे म्हणत. मोठ्या माणसाचं मन मोठं असतं, असंही म्हणत.

"आत्या, इकडे ये ना जरा," भाचीने हाक मारली.

सेक्रेटरीची ही मुलगी चोवीस वर्षांची. घरात तिचंच काय ते डोकं ठिकाणावर होतं, निदान ताईचा तसा समज होता. मोठ्या टेबलावर तिने ताईच्या डाव्या पायाचे लाकडी साचे ओळीने मांडले होते. अप्पांची पद्धत अशी, की बूट करण्याआधी पायाचा लाकडात हुबेहूब साचा कोरायचा. साच्याच्या तळाला पेन्सिलीने वय लिहायचं, टाच किती अंश आत वळलीय ते लिहायचं, आणि नावाऐवजी एक खूण काढायची. कुणाला बदक, कुणाला छत्री. पायाचं व्यंग नावावर लागू नये म्हणून. आणि एकदा कोरलेला साचा कधी फेकायचा नाही, कधी जाळायचा नाही. ताईची खूण गोगलगाय. असे तिचे एकवीस साचे दुपारी सभागृहात जाणार होते, वर पाटी लागणार होती, 'एका पायाचा प्रवास'. आणि शेवटी तो पाय, म्हणजे ताई स्वतः, व्यासपीठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवणार होती. ती सहा वर्षांची असल्यापासून चालून दाखवत आली होती. अप्पांच्या बुटात ती लंगडत नसे. लोक टाळ्या वाजवत.

"हा बघ, बाविसावा निघाला," भाची म्हणाली. "खोक्यात अगदी वर होता. खाली गोगलगाय आहे खरी, पण हा तुझा नाही. अप्पांनी चुकून दुसऱ्याच कुणाच्या साच्यावर तुझी खूण काढलेली दिसते."

"अप्पा खुणेत चुकत नाहीत."

"अगं पण हा सरळ आहे!"

ताईने साचा हातात घेतला. तळहाताएवढा होता. तिने तो बघितला नाही, नुसता अंगठा फिरवला, कारण तीस वर्षांत तिच्या अंगठ्याला डोळ्यांपेक्षा जास्त कळायला लागलं होतं. टाच सरळ. कमान बरी. आणि करंगळीच्या जागी एक छोटा उंचवटा, शेजारच्या बोटावर चढून बसलेला. असली आगाऊ करंगळी तिने हजारो पायांत एकच पाहिली होती, आणि ती रोज आंघोळीला बसताना.

तिने साचा उलटा केला. गोगलगाय. वय तीन वर्षं दोन महिने. चार अंश.

टेबलावरच्या ओळीतला पहिला साचा वय वर्षं पाचचा होता. त्याच्या तळाला लिहिलं होतं, एकोणीस अंश.

"आत्या? काय झालं?"

"काही नाही. आजीला खाली बोलाव."

ताईची आई जिना उतरून आली ती शाल सावरत, कुरकुर करत, आणि टेबलाकडे न बघता. ऐंशी वर्षांची बाई मुद्दाम कुठे बघत नाही हे कळायला फार हुशारी लागत नाही.

"हा कुणाचा, आई?"

"मला काय विचारतेस? मला कारखान्यातलं काय कळतं?"

"खोक्यात अगदी वर होता. हे खोकं मी मागच्या महिन्यात आवरलं, तेव्हा नव्हता. या घरात खोकी उघडणारी माणसं दोनच. मी आणि ही. तिसरं कोण?"

आईने भाचीकडे पाहिलं. भाची हलली नाही.

"मीच ठेवला काल," आई शेवटी म्हणाली. "एकावन्न वर्षं कपाटात माझ्या कपड्यांखाली होता. त्यांनी जाळून टाक म्हणून दिला होता. मी म्हटलं जाळला."

"अप्पांनी? साचा जाळायला सांगितला?"

"हा एकच."

मग ती स्टुलावर बसली आणि जे सांगायचं होतं ते एका दमात सांगून मोकळी झाली, उलटी झाल्यासारखं. ताई जन्मली तेव्हा पाऊल वळलेलं होतं, हे खरं. पण डॉक्टरांनी हात टेकले, हे खरं नव्हतं. त्या डॉक्टरांनी दर आठवड्याला प्लास्टर बदललं आणि तीन वर्षांची होईपर्यंत पाऊल सरळ करून हातात दिलं. वर दांडीचे बूट दिले, आणि बजावून सांगितलं की रात्री एक दिवसही चुकवायचं नाही.

"चौदा रात्री रडलीस तू. सगळी आळी उठायची. पंधराव्या रात्री हे उठले आणि पट्ट्या सोडल्या. म्हणाले, ही काय माणसाच्या पोराला घालायची वस्तू आहे? मी लोहार नाही, बूट करणारा आहे. मी करतो हिच्यासाठी. आणि केला, अगदी मऊ. तू त्यात झोपायचीस गुणी बाळासारखी. सकाळी बूट काढून पाय बघायचे, आणि मला म्हणायचे, बघ, गेला का वळून? वर्ष-दीड वर्षाने बघायचे थांबले."

"आणि डॉक्टर?"

"त्यांच्याकडे परत जायची लाज वाटली. जाऊ जाऊ म्हणता ते दुसरीकडे गेले."

ताईला हसू आलं. निमंत्रणपत्रिकेवर सोनेरी अक्षरात छापलं होतं, 'डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा मी हातात लाकूड घेतलं.' अप्पांचं गाजलेलं वाक्य. ते तिने शंभर वेळा ऐकलं असेल, प्रत्येक वेळी व्यासपीठाच्या बाजूला उभं राहून, आपली चालायची पाळी यायची वाट बघत. आज संस्थेला अप्पांचं नाव देणार होते, आणि दारातल्या दगडावर हेच वाक्य कोरलं होतं.

"तू मला इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तू त्यांच्याकडे कशी बघायचीस ते मी बघत होते," आई म्हणाली. "एवढं तरी तुझं राहू दे म्हटलं."

"मग काल का ठेवलास?"

"दगडावर कोरलं ना," आई म्हणाली. "बोललेलं वेगळं असतं."

सेक्रेटरी खाली आला तेव्हा भाचीनेच त्याला सगळं सांगून टाकलं. सांगताना तिचे डोळे चमकत होते, आणि ते ताईला कुठेतरी टोचलं.

"बाबा, हाच पहिला ठेवायचा! विचार करा ना. त्यांची चूक, आणि मग त्या चुकीतून हे सगळं काम! लोक रडतील. पेपरवाले—"

"पेपरवाले सोलून काढतील," सेक्रेटरी म्हणाला. "ताई, तुझा राग मला समजतो. खरंच समजतो. पण आज नको. समारंभ होऊ दे. उद्या तू म्हणशील ते."

"उद्या तो दगड कोण काढणार आहे? तू?"

"अगं, दगड कशाला काढायचा? त्यांनी तीन हजार मुलं चालती केली, ते खोटं आहे का? या एका गोष्टीसाठी तू त्यांना लहान करणार?"

"मी कोण लहान-मोठं करणारी? मी मापं घेते."

"मग त्याच खोक्यात परत घाल तो. आई, तू तरी सांग हिला."

आईने शालीचं टोक चाचपलं. कालचं सगळं धैर्य तिने बहुतेक खोक्यातच ठेवून दिलं होतं. "भांडू नका रे," ती म्हणाली. "आजच्या दिवशी भांडू नका. ताई, घाल बाई परत."

म्हणजे आता ताई एकटी. भाची तिच्या बाजूला होती, पण भाचीला पाटीवर लावायला गोष्ट हवी होती. स्वतःची बाजू ताईला एकटीलाच धरायची होती, आणि ती धरायला तिच्याजवळ तळहाताएवढं लाकूड होतं.

जिन्यावर काठी वाजली. अप्पा उतरत होते. शहाऐंशी वर्षांचे, ताठ, अंगात सापडलेला कोट. डोळे गेले तरी प्रत्येक पायरी पाठ होती.

"कसला गोंधळ चाललाय? वरपर्यंत ऐकू येतंय. साचे गेले का सभागृहात?"

ताई उठली आणि तिने साचा त्यांच्या हातात ठेवला.

अप्पांचा अंगठा टाचेवरून गेला, कमानीवरून गेला आणि करंगळीवर येऊन थांबला. बराच वेळ तिथेच राहिला. वर कुणीतरी नळ उघडा ठेवला होता, त्याचा आवाज येत होता.

"चार अंश," अप्पा म्हणाले. मग तोंड फिरवून, आई जिथे असेल असं वाटलं त्या दिशेला म्हणाले, "तू जाळला नाहीस."

"नाही," आई म्हणाली.

"अप्पा," ताई म्हणाली, "मला तुमची माफी नकोय. मी चालीनसुद्धा आज. फक्त ते एक वाक्य बोलू नका. डॉक्टरांनी हात टेकले नव्हते, एवढं सांगा. दगडाचं मग बघू."

"ते वाक्य बोलू नको, तर मग बोलू काय?"

"जे झालं ते."

"काय झालं? झालं ते हे, की तुझ्यानंतर या दारातून एकही मूल मी दांडीशिवाय जाऊ दिलं नाही. बूट मागायला आलेल्यांना आधी डॉक्टरांकडे पिटाळलं. पैसेवाले आले, हातापाया पडले, मी ऐकलं नाही. का ऐकलं नाही? हौस होती मला? तुझा एक पाय माझ्या हातून गेला म्हणून तीन हजार पाय सरळ आहेत आज."

हे सगळं खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तिला सहन होईना. तो माणूस ढोंगी असता तर किती सोपं झालं असतं. चारचौघांत त्याला तोंडावर पाडून ती मोकळी झाली असती. पण त्या मुलांसाठी तो खरोखरच उन्हातान्हात हिंडला होता, त्यांच्या आईबापांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, स्वतःचं डोळ्यांचं दुखणं अंगावर काढून काम केलं होतं. तीन हजार लोकांसमोर तो मोठाच होता. फक्त एका माणसासमोर त्याला मोठं होता आलं नव्हतं, आणि ते माणूस त्याच्या घरातच, रोज समोर, मापं घेत बसलेलं होतं.

"मग हेच सांगा ना," ती म्हणाली. आवाज चढवायचा नाही असं ठरवूनही तिचा आवाज चिरकला. "आत्ता मला बोललात तेच. यात काय कमीपणा आहे? हे तर त्या वाक्यापेक्षा कितीतरी मोठं आहे, अप्पा."

अप्पांनी साचा टेबलावर ठेवला, चाचपून, अगदी ओळीच्या बाहेर.

"दगडावर कोरून झालंय," ते म्हणाले.

तेवढ्यात दारात ती बाई आली. तिशीच्या आतली, प्रवासाने विस्कटलेली, कडेवर दीड वर्षाचं पोर. तिने अप्पांना ओळखलं आणि ती गडबडून गेली.

"तुम्हीच ना ते? अगं बाई! मी तुमच्याबद्दल इतकं ऐकलंय... याच्या पायाला तुमचा हात लागला ना, तर माझं येणं सार्थकी लागेल."

अप्पांचा चेहरा खुलला. एवढ्या सगळ्यानंतरही तो खुलला, हे ताईने बघितलं. त्यांनी हात पुढे केला, पोराची टाच चिमटीत धरली, अंगठ्याने चाचपली.

"वा. छान बसलंय पाऊल. डॉक्टरांनी नीट काम केलंय."

"पण हे रात्रीचे बूट हो," बाई म्हणाली. "सध्या दवाखान्यातले घालतोय, तर रडून रडून जीव नकोसा करतो. घरात कुणाला झोप नाही. सासूबाई म्हणतात, पाय तर सरळ झालाय, आता कशाला छळता पोराला? तुम्ही मला... तुम्ही म्हणे फार मऊ बूट करता. तसा एखादा करून द्याल का याला?"

अंगठा थांबला. आईने श्वास आत घेतलेला सगळ्यांना ऐकू आला. अप्पांनी पोराचा पाय हळूच सोडला, काठी उचलली आणि गेली तीस वर्षं या क्षणाला जे म्हणत आले होते तेच म्हणाले.

"ताई सांगेल तुम्हाला."

"आज तुम्ही सांगा, अप्पा," ताई म्हणाली. "सभागृहात नका सांगू. दगड राहू दे. इथे सांगा, हिला एकटीला. दांडी का सोडायची नाही ते सांगा."

बाई गोंधळून एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघू लागली. सेक्रेटरी घड्याळाकडे बघत होता. अप्पांचा हात काठीवर घट्ट झाला. ते सांगतील असं ताईला वाटलं. उभ्या आयुष्यात तिला कधी काही एवढं हवंसं वाटलं नव्हतं. त्यांचे ओठ उघडलेही.

"दांडी सोडू नका, बाई," ते म्हणाले.

"का पण?" बाईने साध्या मनाने विचारलं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"गाडी आली," सेक्रेटरी म्हणाला. "अप्पा, चला. मंत्री वेळेवर येतात म्हणे. ताई, तूही चल, बूट घाल."

अप्पांनी हात हवेत पुढे केला, कुणीतरी धरावा म्हणून. तो हात तसाच राहिला. मग भाचीने तो धरला. धरताना तिने आत्याकडे बघितलं नाही. दोघं दारापर्यंत गेली, उंबऱ्याशी अप्पा थांबले, आणि ताईला वाटलं, आता. पण ते उंबरा काठीने चाचपत होते.

"एकवीसच घे," सेक्रेटरी भाचीला म्हणाला. साचे भराभर खोक्यात गेले. बाविसावा टेबलावर राहिला. "ताई? येतेस ना? लोक तुझी वाट बघतील."

"मला माप घ्यायचंय," ताई म्हणाली.

गाडी गेली. कारखान्यात ताई, ती बाई, कडेवरचं पोर, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर आई. ती का गेली नाही हे तिला कुणी विचारलं नाही.

ताईने खाली वाकून डाव्या पायातला बूट काढला. अप्पांनी केलेला, शिवण कुठे आहे ते दिसूही नये असा सुरेख बूट. मोजाही काढला. तीस वर्षांत कुठल्याही आईसमोर तिने तो काढला नव्हता. वळलेलं पाऊल तिने फरशीवर टेकवलं आणि शेजारी तो तळहाताएवढा साचा ठेवला.

"हा माझा पाय," ती म्हणाली. "आणि हाही माझाच. तीन वर्षांची असताना."

बाई दोन्हीकडे बघत राहिली. तिला करंगळी दिसली असावी, कारण तिने तोंडावर हात ठेवला.

"मग... मग असं कसं झालं?"

"माझ्या वडिलांना माझं रडणं ऐकवलं नाही."

बाईने दाराकडे पाहिलं. "म्हणजे... ते? पण ते तर केवढे मोठे..."

"हो," ताई म्हणाली. "बसा. पोराला मांडीवर घ्या. टाच खाली दाबून धरा, वर उचलू देऊ नका."

तिने बाईने आणलेले दवाखान्यातले दांडीचे बूट पोराला चढवले, एक एक पट्टी ओढून शेवटच्या भोकात अडकवली. पोराने आधी आश्चर्याने पायांकडे पाहिलं, मग तोंड वासलं आणि टाहो फोडला. बाईचा हात आपोआप पट्टीकडे गेला. ताईने तो अडवला नाही. बाईने फरशीवरच्या पायाकडे पाहिलं, साच्याकडे पाहिलं, आणि हात मागे घेऊन मांडीखाली दाबून धरला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"रडू दे," कोपऱ्यातून आई म्हणाली. "रडू दे गं त्याला."

पोर रडत राहिलं. कुणीही उठलं नाही.